फोन केल्यानंतरही सोबत राहा: बालशोषण आणि मानवी तस्करी दिसली तर पुणेकरांनी काय करायचं

पुण्यात कोवळ्या वयाच्या मुलांना राबवून घेतलं जातं, हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. टपरीवर पहाटे ग्लास विसळणारा पोरगा, सोसायटीत दुसऱ्याचं तान्हं बाळ कडेवर घेऊन फिरणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी, सिग्नलला काचेवर टकटक करत गजरे विकणारी चिमुरडी, दौंड-इंदापूरकडे उसाच्या फडात वाढं गोळा करणारी भावंडं. आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं असतं. गाडं अडतं ते पुढे. कुणाला सांगायचं? काय सांगायचं? आपल्यामागे पोलीस ठाण्याच्या खेपा लागतील का? आणि त्या मुलाचंच उलट वाईट झालं तर? या प्रश्नांपाशी चांगली माणसं थांबतात. हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे फोन करणारे कमी आहेतच, पण फोन केल्यावर आठवड्याने 'त्या मुलाचं पुढे काय झालं' असं विचारणारे त्याहून कमी आहेत. आणि मूल पुन्हा त्याच दलालाच्या हाती लागतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यावर. म्हणून या लेखात सुटकेइतकीच जागा सुटकेनंतरच्या कामाला दिली आहे.

कायद्याच्या नजरेत गुन्हा कशाला म्हणतात

तस्करी म्हटलं की सीमेपलीकडे नेलेल्या मुली डोळ्यांसमोर येतात. कायद्याची व्याख्या त्याहून पुष्कळ मोठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार शोषणासाठी एखाद्या माणसाला धमकावून, फसवून, आमिष दाखवून किंवा पैसे देऊन मिळवणं, आणणं, आसरा देणं किंवा ताब्यात घेणं म्हणजे तस्करी. शोषणात लैंगिक शोषण येतं, गुलामीसारखी मजुरी येते आणि भीक मागायला लावणंही येतं. गावातल्या ओळखीच्या बाईने 'पोरीला पुण्यात चांगल्या घरात लावते' म्हणून आईच्या हातावर पाच हजार टेकवले आणि मुलीला फ्लॅटमध्ये कोंडून राबवलं, तर ते यात बसतं. मुलगी 'मी माझ्या मर्जीने आले' म्हणाली तरी फरक पडत नाही, संमतीचा मुद्दा कायद्याने इथे बाद केला आहे. बळी अठरा वर्षांखालचा असेल तर शिक्षा किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

याच्या जोडीला आणखी काही कायदे लक्षात असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद आहे. सूट आहे ती शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करण्यापुरती आणि बालकलाकारांना. शिक्षा ६ महिने ते २ वर्षं किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मग मुलगी सोळा वर्षांची असेल तर? पुष्कळ जण इथेच सुटकेचा श्वास टाकतात. पण बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७९ नुसार अठरा वर्षांखालच्या कुणालाही कामासाठी बांधून ठेवणं किंवा त्याची कमाई अडवून ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड आहे. 'तिचा पगार आम्ही एजंटला देतो, तो गावी पाठवतो' हे वाक्य कानावर आलं की कान टवकारायचे ते यासाठी.

पहिली पायरी: नीट पाहणं

एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. काही गोष्टी एकत्र दिसल्या की मात्र शंका घ्यायला जागा असते. मूल शाळेच्या वेळेत रोज कामावर दिसतं. घरातले बाहेर गेले की बाहेरून कुलूप लागतं. मूल आपलं गाव, आडनाव, आईचं नाव सांगताना अडखळतं, किंवा पाठ केल्यासारखं एकच उत्तर देतं. त्याच्याशी बोलायला गेलं की कुणीतरी मोठं माणूस मध्ये येऊन उत्तर देतं. भाजल्याच्या, मारल्याच्या खुणा दिसतात. कपडे ऋतूला साजेसे नसतात. स्वतःचा फोन नाही, किंवा आहे पण आई-वडिलांशी बोलणं होत नाही.

मजुरांच्या बाबतीत सगळ्यात बोलका शब्द आहे 'उचल'. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ रक्कम देतो. वीटभट्टीवरही अशीच उचल असते. ती फिटेपर्यंत कुटुंबाला जागा सोडता येत नसेल, मजुरीचा हिशोब दाखवला जात नसेल, एक जण गावी जायचा असेल तर मूल मागे 'तारण' राहत असेल, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद झालेली आहे आणि अशा कुटुंबाला जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्ततेचा दाखला मिळतो. भट्टीच्या शेजारच्या शेतकऱ्याला हे जितकं दिसतं तितकं शहरातल्या कुठल्याच अधिकाऱ्याला दिसत नाही.

सिग्नलवरच्या मुलांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. तिथलं प्रत्येक मूल पळवून आणलेलं नसतं. पुष्कळ मुलं पुलाखाली राहणाऱ्या स्वतःच्या आई-बापांसोबत असतात, आणि अशी कुटुंबं बरेचदा भटक्या-विमुक्त जमातींतली असतात. त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्या समाजाला जुनी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षुक होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने त्यांचा जीव घेतला. म्हणून कळवायचं ते यंत्रणेला, सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर फोटो टाकून नाही. मूल आई-बापांसोबत असलं तरी त्याला मदतीची गरज आहेच. तिथे भाषा 'पकडा' ही नको, 'या मुलाला शाळा आणि निवारा हवा' ही हवी.

दुसरी पायरी: टिपून ठेवणं

फोन करण्याआधी कागदावर लिहून काढा. 'आमच्या भागात बालमजूर आहेत' एवढं सांगून कुणीही कुठे पोहोचू शकत नाही. समजा, तुमच्या समोरच्या इमारतीत एक मुलगी आहे. मग टिपण असं हवं:

"सी विंग, सातवा मजला, लिफ्टमधून निघाल्यावर डावीकडचं दार. मुलगी अंदाजे बारा वर्षांची, सावळी, केस कापलेले, उजव्या कोपराला भाजल्याचा डाग. साधारण दिवाळीपासून दिसते. सकाळी सातला गॅलरी धुते, रात्री अकराला भांडी घासते. शाळेत जाताना कधी पाहिली नाही. घरातले दोघंही साडेनऊला निघतात, बाहेरून कुलूप लावतात. ती मराठी मोडकं बोलते, आपसांत हिंदीसारखी भाषा. इमारतीला दोन फाटकं आहेत, मागचं पार्किंगमधून निघतं."

मागच्या फाटकाचा उल्लेख क्षुल्लक वाटेल. पण पथक पुढून येतं आणि मूल मागून गाडीत बसवून नेलं जातं, ही शक्यता खरी आहे. वेळही तितकीच महत्त्वाची. मूल कुठल्या वेळी नक्की सापडेल हे सांगितलंत तर अर्धं काम झालं. हॉटेल किंवा गॅरेज असेल तर पाटीवरचं नाव, जवळची खूण, रात्री मुलं तिथेच झोपतात का, हे लिहा. वाहन असेल तर क्रमांक.

टिपण करताना मुलाला अडवून खोदून विचारू नका. त्याने तुमच्याशी बोलल्याचं मालकाला कळलं तर मार त्यालाच बसेल. मालकालाही समज द्यायला जाऊ नका. 'आम्ही आपसांत मिटवलं' असं समाधानाने सांगणाऱ्या कमिट्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी तिथे नसते. ती कुठे गेली हे मग कुणालाच कळत नाही.

तिसरी पायरी: फोन

क्रमांक पाठ करा: १०९८. चाइल्डलाइन, चोवीस तास, विनाशुल्क. २०२३ पासून ती महिला व बालविकास खात्याच्या देखरेखीखाली राज्य सरकारं चालवतात आणि ती ११२ शी जोडलेली आहे. मूल आत्ता, या क्षणी मार खातंय, कुणी त्याला गाडीत घालून नेतंय, असं असेल तर थेट ११२. पुणे स्टेशनवर किंवा गाडीत मुलांचा घोळका घेऊन निघालेला संशयास्पद माणूस दिसला तर १३९, किंवा फलाटावरचा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. गाडी सुटायला किती मिनिटं आहेत आणि डबा कुठला, हे आधी सांगा. ओळख नंतर.

तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगू शकता. फोनची वेळ, तुमच्याशी बोललेल्या व्यक्तीचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक तेवढा लिहून घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा याच ओळीवर उभा राहतो. बालमजुरीची तक्रार केंद्र सरकारच्या 'पेन्सिल' पोर्टलवरही करता येते, पण तातडी असेल तर फोनच.

आता घाबरणाऱ्यांसाठी. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर कळवणं ही तुमची मर्जी उरत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ मध्ये, गुन्हा घडल्याची माहिती असेल तेव्हाच नव्हे, तर घडण्याची शंका असली तरी ती पोलिसांना कळवायची आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षक, डॉक्टर, क्लासचे सर, नातेवाईक, सगळे यात आले. चांगल्या हेतूने दिलेली माहिती चुकीची निघाली तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. तसंच, एकटं, हरवलेलं, बेवारस वाटणारं मूल सापडलं तर चोवीस तासांत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) कळवणं बालन्याय अधिनियमाने बंधनकारक केलं आहे. त्याला घरी नेऊन प्रेमाने ठेवून घेणं बेकायदेशीर ठरतं, हेतू कितीही चांगला असो.

पोलीस ठाण्यात गेलात तर

आपल्याकडे हद्दीचा घोळ फार. पुणे शहर, २०१८ पासून वेगळं झालेलं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण, अशी तीन दलं एकमेकांना चिकटून आहेत. 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात, हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यावी लागते. तिला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात. ठाणे अंमलदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तरीही नोंद झाली नाही तर तोच अर्ज शहरात पोलीस उपायुक्तांना, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना पाठवा. मानवी तस्करीची खबर नोंदवून न घेणं हा संबंधित अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो, हे त्यांनाही माहीत असतं. या कामासाठी पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, अर्जात त्याचा उल्लेख करा.

मूल हरवलं असेल तर 'चोवीस तास वाट बघा, येईल परत' हा सल्ला कुणाचाही ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवायला सांगितलं आहे. पहिले काही तासच हाती असतात, तेवढ्यात एसटी कुठल्या कुठे पोहोचते.

वयावरून हमखास वाद होतो. मालक आधार कार्ड पुढे करतो, त्यावर १९ असतं. बालन्याय अधिनियमात क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही.

बुधवार पेठेसारख्या भागाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. तिथल्या प्रौढ बायकांना हाकलणं म्हणजे तस्करीविरोधी काम नव्हे. त्यांचा सन्मान राखा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. तिथे एखादी मुलगी अठराच्या आतली आहे अशी कुणकुण लागली, तर मात्र क्षणाचा उशीर नको. आणि ही कुणकुण पहिल्यांदा तिथल्या बायकांनाच लागते. त्यांच्याशी आपलं वागणं माणुसकीचं असेल तरच ती आपल्यापर्यंत येईल.

सुटकेनंतरचे चोवीस तास

मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती, तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं. मूल आरोपी नाही, त्यामुळे कोठडी नाही. पोक्सोच्या प्रकरणात जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नसतं. तुम्ही तिथे असाल तर या गोष्टींकडे लक्ष ठेवा, नम्रपणे पण स्पष्ट आठवण करून द्या.

फोटो काढू नका. काढलेला कुणाला पाठवू नका. मुलाचं नाव, शाळा, गाव, चेहरा, काहीही उघड केलं तर २ लाखांपर्यंत दंड किंवा ६ महिने कैद आहे. ओवाळून, हातात खाऊ देऊन काढलेले सत्कारी फोटोही यात आले. दलालाला मूल पुन्हा शोधायला असा एक फोटो पुरतो.

लहान मुलांच्या लैंगिक चित्रफिती मोबाइलवर आल्या तर 'बघा कसा समाज झालाय' म्हणून पुढे ढकलणं हाही गुन्हाच. त्या जवळ बाळगण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते.

मग खरं काम

मूल बालगृहात गेलं की शेजाऱ्यांना हायसं वाटतं. समितीपुढचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. १५ दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल, चार महिन्यांत अंतिम आदेश, असा कायद्याचा हिशोब आहे. या अहवालात घरची परिस्थिती नीट आली पाहिजे. ज्या मामाने मुलीला पाठवलं, त्याच मामाच्या हवाली तिला केलं तर पुढच्या हंगामात ती दुसऱ्या शहरात असते. तुम्हाला काही माहीत असेल, कोण यायचं, पगार कुणाला जायचा, तर समितीला लेखी कळवा. तक्रारीचा क्रमांक इथे उपयोगी पडतो.

घरी परत जाण्यात मुख्य अडसर असतो पैशाचा. त्यासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात पात्र मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून पात्र मुलांना महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. अत्याचारग्रस्त मुलांसाठी मनोधैर्य योजनेची भरपाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. तस्करीच्या बळींना वकील मोफत मिळतो, त्यासाठी मदत क्रमांक १५१००. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला हे अर्ज भरून द्यायला एक दुपार लागते. मोर्चा, मेणबत्त्या, शपथ यांपेक्षा मला ही दुपार मोलाची वाटते.

सोसायटी, शाळा, गाव: आधीच करून ठेवायचं

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव करा: अठरा वर्षांखालच्या कुणालाही कुठल्याही घरात कामाला ठेवायचं नाही, आणि फाटकावर कामवाल्यांची नोंद करताना वयाचा दाखला पाहायचा. वॉचमनकाकांना १०९८ ची माहिती द्या, कारण पहाटे-रात्री कोण येतं-जातं हे त्यांनाच दिसतं. त्यांनी सांगितलेलं मालकाच्या कानावर जाणार नाही, याची हमी कमिटीने घ्यायची. इमारत बांधून घेत असाल तर ठेकेदाराला विचारा, साइटवर मुलांसाठी पाळणाघर आहे का, वस्तीतली मुलं शाळेत जातात का. डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था पुण्यात अनेक वर्षं बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवते आहे, अशा संस्थेला साइटवर जागा आणि वीज द्यायला बिल्डरला भाग पाडणं ग्राहकाच्या हातात असतं.

शाळांमध्ये २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. पालकसभेत विचारा, शेवटची बैठक कधी झाली. सलग पंधरा दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी कोण जाऊन आलं, हेही विचारा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडीताई सचिव. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला कळवा, गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे.

मूल दत्तक घ्यायचं असेल तर 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, नोंदणीशिवाय कुठलाही मार्ग धरू नका. दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देणारा माणूस बाळ विकत असतो. मूल सांभाळू न शकणाऱ्या आईलाही वाट आहे: ती बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या तरुणांना एवढं सांगा की एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा, आणि पर्यटक व्हिसावर नोकरी देणाऱ्याला पासपोर्ट देऊ नका.

उसाच्या फडावरून, भट्टीवरून किंवा सुटकेनंतर आलेल्या मुलाला शाळेत घालायचं असेल तर दाखल्यासाठी अडू देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, वर्षाच्या मध्यातही, आणि जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाला अर्ज करा, पोच घ्या आणि आठवड्याने वर्गात जाऊन हजेरीपटावर त्या मुलाचं नाव चढलंय का, ते स्वतः पाहून या.